महानगरातला बारमाही भूतबंगला: टिकणारा कोणता आणि तिकीट काढण्याजोगा कोणता

मोठ्या शहराच्या मध्यवस्तीत वर्षाचे बारा महिने चालणारा भूतबंगला तग धरू शकतो का, या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर इतिहासाने केव्हाच देऊन ठेवले आहे. मात्र त्या होकाराला काही अटी आहेत. नवे चालक त्या अटींकडे बहुधा दुर्लक्ष करतात, आणि त्याचा भुर्दंड अखेर तिकीट काढणाऱ्याला बसतो. म्हणूनच हे परीक्षण एखाद्याच ठिकाणाचे न करता या संपूर्ण सेवेचे करावे, असे मला वाटले. लंडन, पॅरिस, न्यू यॉर्क, नायगारा आणि लास व्हेगस येथील प्रयोग शेजारी ठेवून पाहिले, की भीती विकण्याचा हा व्यवसाय कुठे मुळे धरतो आणि कुठे धरत नाही, हे बऱ्यापैकी स्पष्ट दिसू लागते.

या क्षेत्रातले सर्वांत टिकाऊ नाव म्हणजे लंडन डंजन. १९७४ मध्ये लंडन ब्रिज स्थानकाजवळच्या टूली स्ट्रीटवर, रेल्वेच्या कमानींखाली ते सुरू झाले. तेव्हा त्याचे स्वरूप इतिहासातील छळ, रोगराई आणि देहदंड यांचे पुतळ्यांद्वारे दर्शन घडवणाऱ्या संग्रहालयाचे होते. पुढे पुतळ्यांची जागा हळूहळू नटांनी घेतली आणि २०१३ मध्ये हे सारे बिऱ्हाड थेम्सच्या दक्षिण काठावरील काउंटी हॉलच्या इमारतीत आले. आज तेथे प्रेक्षकांचा गट एका दालनातून दुसऱ्या दालनात नेला जातो आणि प्रत्येक दालनात एक नट त्या गटाचा ताबा घेतो. न्यायाधीश प्रेक्षकांपैकीच कोणाला तरी पिंजऱ्यात उभे करून त्याच्यावर भलतेसलते आरोप ठेवतो, प्लेगच्या काळातला वैद्य शवविच्छेदन करून दाखवतो, आणि खुनशी न्हाव्याच्या दुकानातल्या खुर्च्यांवर बसवून सगळे दिवे घालवले जातात. साधारण दीड तासाच्या या फेरीत भीतीपेक्षा हशाच अधिक असतो, हे आधीच सांगितले पाहिजे. ज्याला रात्रीची झोप उडवणारा अनुभव हवा आहे, त्याची तेथे निराशा होईल.

तरीही माझ्या मते या प्रकारातली सर्वांत प्रामाणिक सेवा हीच आहे. ती जे देण्याचे कबूल करते, तेवढे पुरेपूर देते. शिवाय तिचा भर दचकवण्याच्या यंत्रांवर नसून नटाच्या बोलण्यावर आहे, आणि बोलणारा नट समोरच्या गटाचा अंदाज घेऊन आपला सूर बदलू शकतो. गटात शाळकरी मुले असतील तर तो विनोदाकडे झुकतो. धीट तरुणांचा घोळका असेल तर तो आवाज खाली आणून दीर्घ शांतता वापरतो. यंत्राला हे जमत नाही. व्यवसायाच्या दृष्टीने पाहिले तर लंडन डंजनची खरी ताकद त्याच्या जागेत आहे. शहरात चार-दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा लंडन आय या महाकाय चक्रपाळण्यातून खाली उतरतो, तेव्हा हे दार त्याच्यापासून काही पावलांवर असते. दोन्ही ठिकाणे मर्लिन एंटरटेनमेंट्स या एकाच कंपनीकडे असल्याने जोडतिकीटही मिळते. बाहेर पाऊस असो वा ऊन, आतला कार्यक्रम अडत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आज आलेला बहुतेक प्रेक्षक पहिल्यांदाच आलेला असतो. त्याने पुन्हा यावे, ही या धंद्याची गरजच नाही.

याच कंपनीच्या इतर शहरांतील शाखा पाहिल्या, की आणखी एक सूत्र हाती लागते. यॉर्कमध्ये १९८६ साली, एडिंबरा आणि हँबर्ग येथे २००० साली, ॲमस्टरडॅममध्ये २००५ साली आणि बर्लिनमध्ये २०१३ साली डंजन उघडले, आणि प्रत्येक ठिकाणी गोष्टी त्या त्या शहराच्या घेतल्या गेल्या. एडिंबरात प्रेते पुरवण्यासाठी खून पाडणारे बर्क आणि हेअर भेटतात, हँबर्गमध्ये श्टोर्टेबेकर हा समुद्री लुटारू आणि १८४२ ची महाभयंकर आग. भुताला पत्ता असला, की ते अधिक खरे वाटते. कोणत्याही शहरात चालेल असे पछाडलेले रुग्णालय किंवा जोकरांचा वाडा उभारणारे चालक हा फायदा आपणहून सोडून देतात.

येथे एक आक्षेप मात्र नोंदवला पाहिजे. १८८८ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात झालेल्या स्त्रियांच्या खुनांवर आजवर असंख्य करमणुकी पोसल्या गेल्या आहेत आणि डंजनही त्याला अपवाद नाही. शतकापूर्वीचे असले तरी ते खरे मृत्यू होते, आणि मारेकऱ्याच्या दंतकथेपुढे त्या स्त्रिया पुसट होत गेल्या. मादाम तुसाँच्या मेणसंग्रहालयातील ‘चेंबर ऑफ हॉरर्स’ हे दालन २०१६ मध्ये बंद झाले आणि २०२२ मध्ये पुन्हा उघडले. खऱ्या गुन्ह्यांचे प्रदर्शन मांडताना बळी पडलेल्यांना कोणते स्थान द्यायचे, हा प्रश्न अशा प्रत्येक दालनाला लागू होतो. वर्षभर उघडे राहणाऱ्या ठिकाणाची ही जबाबदारी हंगामी ठिकाणापेक्षा मोठी आहे, कारण ते शहराच्या सार्वजनिक स्मृतीचा भाग होऊन बसते. अमेरिकेतील नॉट्स बेरी फार्म या उद्यानाला २०१६ च्या हंगामात मनोरुग्णालयावर आधारलेला एक खेळ मानसिक आरोग्य क्षेत्रातील संघटनांच्या आक्षेपांनंतर मागे घ्यावा लागला होता. तो एका हंगामातला एक खेळ होता, म्हणून काढून टाकता आला. कायमच्या इमारतीचे सगळे नेपथ्यच तशा कल्पनेवर उभारलेले असेल, तर माघार फार महाग पडते.

भीतीचा माल टिकाऊ का नसतो, हे समजून घेतल्याशिवाय या सेवेचे मोल करता येत नाही. डेन्मार्कमधील ऑर्हूस विद्यापीठाच्या संशोधकांनी व्हायले येथील एका भूतबंगल्यात ११० प्रेक्षकांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि त्यांच्याकडून भीतीची व आनंदाची मात्रा विचारून घेतली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भीती आणि आनंद यांचे नाते उलट्या यू अक्षरासारखे आढळले: भीती फार कमी असली तर मजा नाही, फार जास्त झाली तरीही नाही, आणि सर्वाधिक आनंद मधल्या पट्ट्यात. पिट्सबर्गमधील एका भूतबंगल्यात २६२ प्रौढांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, फेरी आटोपल्यावर अनेकांची मनःस्थिती आधीपेक्षा सुधारलेली दिसली. विशेषतः जे थकलेले, कंटाळलेले किंवा ताणाखाली असताना आत गेले होते, त्यांची. म्हणजे शहरी माणसाला या सेवेची गरज आहे, हे मानायला आधार आहे. अडचण अशी, की तो मधला पट्टा प्रत्येकाचा वेगळा असतो आणि दुसऱ्या भेटीत तो सरकतो. कोणत्या वळणावर कोण अंगावर येणार हे एकदा कळले, की त्याच दालनात तोच नट निम्मादेखील परिणाम साधू शकत नाही.

त्यामुळे महानगरातील बारमाही भूतबंगल्यापुढे दोनच मार्ग उरतात. एक लंडन डंजनचा: सतत नव्याने येणाऱ्या पाहुण्यांना तीच गोष्ट सांगत राहणे. दुसरा मार्ग म्हणजे त्याच शहरवासीयांना पुन्हा पुन्हा बोलावणे आणि त्यासाठी माल सतत बदलत राहणे. या दुसऱ्या मार्गाचे जे उदाहरण माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे आहे, ते भूतबंगला नसून नाट्यगृह होते, आणि आजच्या चालकांनी त्याचा जितका अभ्यास करावा तितका थोडाच.

पॅरिसच्या पिगाल भागात, एका जुन्या प्रार्थनागृहाच्या वास्तूत १८९७ मध्ये सुरू झालेले ग्राँ गिन्योल हे नाट्यगृह १९६२ पर्यंत चालले. पासष्ट वर्षे एका महानगराने एका लहानशा जागेत भीतीला आश्रय दिला, यावर क्षणभर थांबून विचार करावा. जागा खरोखरच लहान होती. आसने तीनशेच्याही आत होती. त्यामुळे रंगमंचावरचा वेडा डॉक्टर शेवटच्या रांगेपासूनही फार दूर नसे, आणि नाट्यगृह भरण्यासाठी फार मोठी गर्दीही लागत नसे. एका रात्री एकच मोठे नाटक न करता अनेक छोटी नाटके सादर केली जात, आणि त्यांची मांडणी भीती, मग विनोद, मग पुन्हा भीती अशी आलटून पालटून असे. आज ऑर्हूसच्या आलेखात दिसणारा मधला पट्टा त्या लोकांनी प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवरून ओळखला होता, असे म्हणायला हरकत नाही. विनोदी नाटुकल्याने प्रेक्षक सैल होई, आणि सैल झालेलाच प्रेक्षक पुन्हा घाबरू शकतो. शिवाय छोटी नाटके असल्याने कार्यक्रमातला एखादा भाग बदलणे स्वस्त पडे. अख्खे नाट्यगृह नव्याने उभारावे लागत नसे. तोच प्रेक्षक पुन्हा यावा यासाठी यापेक्षा शहाणी व्यवस्था मला दुसरीकडे आढळलेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र त्याचा प्रेक्षक ओसरत गेला. खऱ्या संहाराच्या बातम्या आणि छायाचित्रे पाहिलेल्या पिढीला रंगमंचावरचे रक्त पूर्वीसारखे हलवू शकले नसणार.

त्याच शहराने याहून जुना प्रयोगही पाहिला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्टसन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका कल्पक माणसाने पॅरिसमधल्या ओसाड पडलेल्या कॅपुचिन मठात चाकांवर सरकणारा जादूचा कंदील, म्हणजे काचेवरची चित्रे प्रकाशाने पडद्यावर पाडणारे यंत्र, वापरून पडद्यावर आणि धुरावर मृतात्मे नाचवले. कंदील पडद्यापासून दूर नेत गेले, की आकृती मोठी होत जाई आणि प्रेक्षकाला ती अंगावर धावून आल्यासारखी वाटे. मठाची ओसाड वास्तू हे त्या खेळाचे अर्धे भांडवल होते. पॅरिसची ही परंपरा २०११ मध्ये पॅराडी रस्त्यावर सुरू झालेल्या ‘ल मॅन्वार द पारी’ या भूतबंगल्याने उचलली, आणि त्यानेही जुनी देखणी वास्तू व पॅरिसच्याच दंतकथा निवडल्या, याचे मला नवल वाटत नाही.

याउलट, हंगामी भूतबंगला उचलून तो बारा महिने ताणणे हा सर्वांत सोपा दिसणारा आणि सर्वांत धोक्याचा मार्ग आहे. फ्लोरिडातील युनिव्हर्सल स्टुडिओजचा हॅलोवीन हॉरर नाइट्स हा उत्सव १९९१ मध्ये अवघ्या तीन रात्रींचा होता. आज तो सुमारे दोन महिन्यांतल्या निवडक रात्री चालतो आणि दर वर्षी त्याची घरे नव्याने रचली जातात. त्याचे यश पाहून अनेकांना वाटते, की दोन महिने इतकी गर्दी होते तर उरलेल्या दहा महिन्यांत निदान निम्मी तरी होईल. पण हॅलोवीनच्या, म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या भुताखेतांच्या सणाच्या, दिवसांत लोक भिण्याच्या तयारीने, मित्रांना गोळा करून येतात. तो माहोल सण पुरवतो, चालक नाही. सण सरला, की तोच माहोल जाहिरातीवर खर्च करून निर्माण करावा लागतो. न्यू यॉर्कमध्ये टाइम्स स्क्वेअरजवळ २०११ मध्ये ‘टाइम्स स्केअर’ या नावाने बारमाही भूतबंगला उघडला होता. दारावरून वाहणारी माणसांची गर्दी जगात त्याहून मोठी क्वचितच कोणाला लाभली असेल, तरीही तो आज चालू नाही.

हिशेब मांडून पाहिला तर अडचण अधिक उघड होते. समजा, आठ जणांचा गट दर चार मिनिटांनी आत सोडला, तर तासाला एकशे वीस माणसे जातात. हा वेग वाढवला, की पुढच्या गटाची किंचाळी मागच्या गटाला ऐकू येते, त्यांना वळणावरचा धक्का आधीच कळतो, आणि प्रेक्षक भीतीचा अनुभव न घेता केवळ रांगेत चालत राहतो. हंगामी ठिकाणी गर्दीच्या रात्री हेच घडते आणि मला ते प्रेक्षकाची सरळ फसवणूक वाटते. उलट, एखाद्या मंगळवारी दुपारी तीनच गट आले, तरी वळणावळणावरचे वीस नट, दारावरचे कर्मचारी आणि मध्यवस्तीतल्या जागेचे भाडे यांत एका पैचीही बचत होत नाही. हंगामी ठिकाणी विद्यार्थी आणि हौशी मंडळी काही आठवडे उत्साहाने काम करतात. वर्षभर मात्र पगारी नट लागतात, त्यांच्या घशाची, पाठीची आणि सुट्ट्यांची काळजी घ्यावी लागते, आणि दिवसातून पन्नासदा तीच किंचाळी नव्याने मारण्याचे बळ त्यांच्यात टिकवावे लागते. न्यू यॉर्कमध्ये २००९ पासून झालेल्या ‘ब्लॅकआउट’ या प्रयोगात प्रेक्षकाला एकट्याने आत सोडत. परिणामाच्या दृष्टीने ती अप्रतिम कल्पना आहे. पण एका वेळी एकच तिकीट, या हिशेबावर महानगरात रोजचे दार उघडे ठेवता येत नाही.

नटांचा खर्च टाळून केवळ अंधारावर विसंबणारा मार्गही आहे, आणि कॅनडातील नायगारा फॉल्स येथील ‘नाइटमेअर्स फिअर फॅक्टरी’ने तो यशस्वी करून दाखवला आहे. तेथे गडद अंधारात लहान लाल दिव्यांच्या मागे चालत जायचे असते, आणि सहन झाले नाही तर ठरलेला शब्द ओरडून बाहेर पडता येते. आतला कॅमेरा नेमक्या घाबरलेल्या क्षणी छायाचित्र टिपतो; एकमेकांना घट्ट बिलगलेल्या माणसांची ती छायाचित्रे जगभर पसरली आणि जाहिरातीचे काम त्यांनीच केले. तरी हे विसरता कामा नये, की नायगारा हे मोठे शहर नसून धबधब्याकाठचे पर्यटनस्थळ आहे आणि तेथे दररोज नवे लोक येतात. जपानमधील फुजी-क्यू हायलँड उद्यानातील रुग्णालयाच्या धर्तीवरचा प्रचंड भुलभुलैयाही असाच शहराबाहेर, मोठ्या उद्यानाच्या आश्रयाने उभा आहे. सुमारे नऊशे मीटर लांबीची ती वाट महानगराच्या मध्यभागी स्वतंत्रपणे उभारायची म्हटले, तर जागेचे भाडेच सगळे उत्पन्न खाईल.

सुरक्षेबाबत कोणतीही तडजोड मला मान्य नाही, आणि परीक्षकांनी यावर अधिक लिहायला हवे. १९७९ मध्ये सिडनीच्या लूना पार्कमधील भूतगाडीला लागलेल्या आगीत सात जण मरण पावले, त्यांतली सहा मुले होती. १९८४ मध्ये न्यू जर्सीतील सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर उद्यानातल्या ‘हाँटेड कॅसल’ला लागलेल्या आगीत आठ किशोरवयीन मुले मरण पावली. भूतबंगल्यात माणूस मुद्दाम वाट चुकवला जातो, प्रकाश मुद्दाम काढून घेतलेला असतो, धूर खोटा की खरा हे कळत नाही आणि मदतीची हाक करमणुकीच्या किंचाळीत हरवते. म्हणून साध्या नाट्यगृहाचे नियम येथे पुरत नाहीत. न्यू जर्सीतील दुर्घटनेनंतर अमेरिकेत अशा वास्तूंसाठी पाण्याचे स्वयंचलित फवारे, धूर ओळखणारी यंत्रणा आणि धोक्याच्या क्षणी दिवे लागून आवाज आपोआप बंद होण्याची सोय यांवर कायद्याचा भर वाढला. तिकीट काढण्यापूर्वी कर्मचाऱ्याला बाहेर पडण्याच्या वाटेबद्दल विचारावे. नीट चालवलेल्या ठिकाणी उत्तर ताबडतोब आणि नेमके मिळते. जेथे हसून वेळ मारून नेली जाते, तेथून परत फिरावे.

आता सर्वांचे लक्ष लास व्हेगसकडे आहे. युनिव्हर्सलने १४ ऑगस्ट २०२५ रोजी तेथे ‘हॉरर अनलीश्ड’ हे बारमाही केंद्र उघडले. एक लाख दहा हजार चौरस फुटांच्या जागेत चार भूतबंगले, शिवाय मद्यालये, उपाहारगृह आणि रंगमंचावरचे खेळ. माझ्या मते या आराखड्यातला सर्वांत शहाणा भाग भूतबंगले नसून त्यांच्यामधली जागा आहे. घाबरून बाहेर आलेल्या माणसाला बसायला, मित्रांशी त्याच गोष्टीबद्दल बोलायला आणि पुन्हा आत जाण्याचे धैर्य गोळा करायला जागा मिळते. तेथेच तो खर्चही करतो, आणि तो खर्च तिकिटासारखा पहिल्या भेटीपुरता मर्यादित राहत नाही. भीती आणि सैलपणा यांची जी आलटापालट पॅरिसच्या त्या लहान नाट्यगृहात होती, ती येथे दालने आणि मद्यालये यांच्यात वाटली गेली आहे. दुबळी बाजू अशी, की चारांपैकी तीन घरे सुपरिचित चित्रपट आणि पात्रे यांच्या नावाला घट्ट बांधलेली आहेत. ती बदलायची म्हणजे नेपथ्य, वेशभूषा आणि हक्क, सगळेच बदलावे लागणार. लास व्हेगसमध्ये ही बाब काही काळ झाकून जाईल, कारण तेथे पाहुण्यांचा ओघ अखंड आहे. कंपनीने पुढचे केंद्र शिकागोत जाहीर केले आहे, आणि कसोटी खरी तेथे लागेल. शिकागोचा बर्फाळ हिवाळा, आठवड्याचे कामाचे दिवस आणि एकदा येऊन गेलेला तिथलाच रहिवासी, या तिन्हींना पुरून उरायचे असेल तर निदान एक घर दर काही महिन्यांनी नवे करण्याची तयारी चालकांनी पहिल्या दिवसापासून ठेवली पाहिजे.

तिकीट काढू इच्छिणाऱ्याने आपल्याला काय हवे ते आधी ठरवावे. किशोरवयीन मुलांसह कुटुंबाने जायचे असेल, तर डंजनच्या पद्धतीचे, नटांच्या बोलण्यावर चालणारे ठिकाण निःशंक निवडावे. अगदी लहान मुलांना कोठेच नेऊ नये. निखळ भीती हवी असलेल्याने लहान गट सोडणारे ठिकाण शोधावे आणि कामाच्या दिवशी, उशिराची वेळ घ्यावी, कारण गर्दी नसलेल्या रात्री नटांना एकेका गटावर वेळ देता येतो. सहा-सात जणांपेक्षा मोठा गट करत असतील तर पैसे मोजू नयेत. आणि शहरातच राहणाऱ्यांनी वार्षिक सवलतीच्या पासाला भुलण्यापूर्वी एकच चौकशी करावी: मागच्या वर्षभरात आतले कोणते दालन बदलले?